संकेतस्थळ-निर्मितीच्या साधनांची निवड : वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाविद्यालयाचे संकेतस्थळ नव्याने तयार करण्याचा विषय आज जवळजवळ प्रत्येक प्राचार्यांच्या टेबलावर केव्हा ना केव्हा येतो. तीन दरपत्रके मागविली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो, खरेदी समितीच्या सह्या होतात आणि सर्वांत कमी दर देणाऱ्यास कार्यादेश दिला जातो. या तक्त्यात पृष्ठांची संख्या, मुखपृष्ठावरील सरकती छायाचित्रे, सर्व्हरवरील जागा, वार्षिक देखभालीचा दर इत्यादी रकाने असतात. संकेतस्थळ कोणत्या साधनाने बांधले जाणार आणि पुढे ते साधन सोडण्याची वेळ आली तर संस्थेच्या हाती नेमके काय उरणार, यासाठी मात्र सहसा रकाना नसतो.

वरवर पाहता हा प्रश्न तांत्रिक वाटतो आणि म्हणून तो संगणकशास्त्र विभागाकडे किंवा थेट वेब डिझायनरकडे सोपविला जातो. वस्तुतः तो दप्तराचा, म्हणजे इतिहासाच्या साधनांचा प्रश्न आहे. गेल्या तीस वर्षांत संकेतस्थळ बांधण्याची अनेक साधने आली आणि त्यांतील कित्येक बंद पडली. जी साधने गेली त्यांच्याबरोबर त्यांच्यावर उभारलेला मजकूरही मोठ्या प्रमाणात गेला. डिझायनरने आपल्या ग्राहकासाठी केलेली साधनाची निवड ही त्या ग्राहकसंस्थेच्या स्मृतीचे आयुष्य ठरविणारी निवड असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत ही गोष्ट इंग्रजीपेक्षा अधिक तीव्रतेने खरी ठरली, कारण मराठीला साधनाच्या आधी लिपीचा अडथळा ओलांडावा लागला.

वऱ्हाडच्या संदर्भात या विषयाचा विचार करण्यास एक विशेष कारण आहे. अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली आणि त्याच वर्षी बडनेरा येथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आज ते प्रा. राम मेघे यांच्या नावाने ओळखले जाते. विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे येतात. म्हणजे संकेतस्थळांची गरज असणाऱ्या संस्था आणि ती तयार करू शकणारे तरुण अभियंते हे दोन्ही घटक एकाच परिसरात उपलब्ध झाले. मोठ्या शहरांतील कंपन्यांकडे न जाता आपल्याच माजी विद्यार्थ्याला किंवा परिचयातील डिझायनरला काम देण्याची पद्धत येथे स्वाभाविक ठरली. या पद्धतीचे फायदे उघड आहेत. तिच्यात विश्वास असतो, परंतु बहुधा लेखी करार नसतो, ही तिची उणीव आहे.

लिपीचा प्रश्न

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्यापूर्वीच मराठी मजकूर संगणकावर आलेला होता, तो छपाईच्या वाटेने. खिळे जुळविणाऱ्या छापखान्यांची जागा डीटीपी केंद्रांनी घेतली होती. पेजमेकर ही आज्ञावली आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती यांसारखे टंक, ही जोडी गावोगावच्या केंद्रांत स्थिरावली. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके आणि महाविद्यालयांचे वार्षिकांक याच जोडीतून निघत.

या टंकांची रचना समजून घेतल्याशिवाय पुढील इतिहास कळत नाही. त्यांमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेली असत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची असंबद्ध मालिकाच असे, आणि विशिष्ट टंक लावल्यावर ती डोळ्यांना मराठी दिसे. प्रत्येक उत्पादकाची मांडणी वेगळी असल्याने एका टंकात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या टंकात वाचता येत नसे. छपाईत याने काही बिघडत नसे, कारण कागदावर अंतिम आकृतीच उमटते. संकेतस्थळावर मात्र वाचकाच्या संगणकात तोच टंक नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसत.

यावर तीन उपाय योजले गेले. वाचकाला टंक उतरवून घ्यावयास सांगणे हा पहिला. १९९७ च्या सुमारास आलेल्या ब्राउझरांमध्ये टंक पृष्ठाबरोबर पाठविण्याची सोय झाली. ती नेटस्केपची वेगळी आणि इंटरनेट एक्सप्लोररची वेगळी होती. हा दुसरा उपाय मराठी वृत्तपत्रांनी बराच काळ वापरला. तिसरा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक होता : मजकुराचे चित्र करून ते पृष्ठावर चिकटवणे. महाविद्यालयाच्या मुखपृष्ठावरील संस्थेचे ब्रीदवाक्य, प्राचार्यांचे मनोगत, संस्थापकांचा परिचय हा सारा मजकूर चित्ररूपात असे. तो शोधयंत्राला सापडत नसे, दृष्टिहीन वाचकाच्या वाचनयंत्राला वाचता येत नसे आणि पुढे कोणाला तो नव्या संकेतस्थळावर घ्यावयाचा झाला तर पुन्हा टाइप करावा लागे.

वास्तविक तोडगा या सर्वांआधीच अस्तित्वात होता. पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाच्या पार्श्वभूमीवर इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये मान्य झाली, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत इस्कीच्या आधारे देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. परंतु सामान्य वापरकर्त्याच्या संगणकावर युनिकोड देवनागरी पोहोचली ती विंडोज २००० आणि त्यानंतरच्या विंडोज एक्सपीमुळे, मंगल या टंकाच्या रूपाने. म्हणजे प्रमाण ठरल्यानंतर ते हाती येईपर्यंत सुमारे दहा वर्षे गेली, आणि नेमक्या याच दहा वर्षांत पहिली मराठी संकेतस्थळे बांधली गेली. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडवर उभा राहिला. म्हणून त्यातील प्रारंभीच्या काळातील मजकूरही आज कोणत्याही रूपांतराशिवाय वाचता येतो.

प्रारंभीची साधने

एचटीएमएल ही पृष्ठरचनेची भाषा हाताने लिहून संकेतस्थळ तयार करणारे लोक प्रारंभी थोडे होते. बहुतेकांनी दृश्य संपादकाचा आधार घेतला. फ्रंटपेज ही आज्ञावली व्हर्मिअर टेक्नॉलॉजीज या कंपनीने १९९५ मध्ये आणली आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या प्रारंभी ती कंपनीच विकत घेतली. वर्डसारखी दिसणारी, ओळखीची वाटणारी ही आज्ञावली संगणक प्रशिक्षण केंद्रांतून भराभर पसरली. मॅक्रोमीडियाची ड्रीमवीव्हर १९९७ च्या अखेरीस आली. ती अधिक सक्षम, परंतु अधिक महाग होती.

फ्रंटपेजची एक खोड मात्र ग्राहकांना ठाऊक नसे. अभिप्रायाचा अर्ज, अभ्यागतांची संख्या दाखविणारा आकडा, शोधाची चौकट या सोयी चालण्यासाठी सर्व्हरवरही मायक्रोसॉफ्टची खास पूरक आज्ञावली बसविलेली असावी लागे. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये फ्रंटपेज बंद केली, त्यानंतर होस्टिंग कंपन्यांनी ही पूरक आज्ञावली हळूहळू काढून टाकली, आणि या सोयींवर विसंबलेली संकेतस्थळे अर्धवट चालू लागली. पृष्ठे मात्र टिकली, हेही नमूद केले पाहिजे. ती साध्या एचटीएमएल धारिका होत्या आणि एखाद्या सीडीवर प्रत करून ठेवल्या असतील तर आजही उघडतात. साधन मेले तरी मजकूर जगला, असे हे एक उदाहरण होय.

याच काळात जिओसिटीजसारख्या सेवांनी विनामूल्य जागा व तयार साचे देऊ केले. १९९४ मध्ये सुरू झालेली ही सेवा याहूने १९९९ मध्ये विकत घेतली. इंटरनेट कॅफेत बसून तयार केलेली संस्थांची, मंडळांची, गावांची पृष्ठे तिच्यावर होती. २६ ऑक्टोबर २००९ रोजी याहूने जपान वगळता जिओसिटीज बंद केली. इंटरनेट आर्काइव्ह आणि काही स्वयंसेवी गटांनी शक्य तेवढी पृष्ठे जतन केली, परंतु ज्यांना बंद होण्याची सूचनाच कळली नाही अशा पृष्ठकर्त्यांचा मजकूर त्यांच्या हातून गेला. भाडे नसलेल्या घराला भाडेकरूचे हक्कही नसतात, हे या प्रसंगी पहिल्यांदा अनेकांच्या लक्षात आले.

फ्लॅशचा उल्लेख येथे वेगळा करावा लागतो. फ्लॅशमध्ये टंकाची आकृती धारिकेतच समाविष्ट होत असल्याने वाचकाच्या संगणकावर टंक नसला तरी मराठी अक्षरे व्यवस्थित दिसत. त्यामुळे मराठी डिझायनरांना हे साधन विशेष प्रिय झाले. हलती अक्षरे, उमलणारे बोधचिन्ह, पार्श्वसंगीत यांनी ग्राहकही खूश होत. त्या काळातील उद्घाटन समारंभांत संकेतस्थळाचे प्रात्यक्षिक म्हणजे मुख्यतः या प्रास्ताविक चित्रफितीचेच प्रात्यक्षिक असे! अॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा पाठिंबा थांबविला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमधील आशय चालविणेच बंद केले. ज्यांचा सर्व मजकूर फ्लॅशमध्ये होता त्यांच्यापाशी साधा मजकूर म्हणून काहीच उरले नाही.

मुक्त स्रोत प्रणालींचा स्वीकार

आशय आणि त्याचे दर्शनी रूप यांची फारकत ही संकेतस्थळांच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना मानावी लागेल. आशय-व्यवस्थापन प्रणालीत मजकूर विदागारात साठविला जातो आणि साचा वेगळा असतो. साचा बदलला तरी मजकूर हलत नाही. ड्रुपल ही प्रणाली बेल्जियमच्या ड्रीस बॉयतार्त यांनी २००१ च्या प्रारंभी मुक्त केली. वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू या जुन्या प्रणालीच्या आधारे प्रसिद्ध केली. जूमला ही मांबो या प्रणालीतून फुटून २००५ मध्ये निघाली. तिचे नाव ‘सर्व मिळून’ या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून घेतले आहे. तो शब्द मूळ अरबी असून आपल्या जुन्या हिशेबाच्या कागदांतील ‘जुमला’ म्हणजे एकूण बेरीज, हाही त्याचाच भाऊबंद आहे.

या प्रणाली पीएचपी व मायएसक्यूएल या विनामूल्य साधनांवर चालत आणि ही दोन्ही साधने स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर उपलब्ध असत. लहान शहरातील डिझायनरच्या अर्थकारणाला हे मानवले. प्रणालीसाठी परवाना शुल्क द्यावयाचे नसल्याने ग्राहकाने दिलेली रक्कम मुख्यतः श्रमाचे मूल्य म्हणून राही.

मराठी आंतरजालाने प्रथम ड्रुपलला जवळ केले, याचे कारण तिच्या स्वभावात होते. १९९६ मध्ये सुरू झालेली मायबोली पुढे याच प्रणालीवर आली, आणि २००७ मध्ये निघालेले मिसळपाव तिच्यावरच उभे राहिले. अनेक सदस्यांनी लिहावे, त्यावर इतरांनी प्रतिसाद द्यावेत, संपादकांना वेगळे अधिकार असावेत, ही गरज ड्रुपल उत्तम भागवीत असे. महाविद्यालयाची गरज याहून वेगळी, म्हणजे सूचना, प्राध्यापकांची माहिती, निकाल, छायाचित्रे अशी असते. त्यासाठी वर्डप्रेस पुरेशी ठरली आणि शिकण्यास सोपी असल्याने कार्यालयातील लिपिकालाही सूचना टाकता येऊ लागली.

या टप्प्यावर मराठीला पुन्हा एकदा लिपीचा अडथळा आला, तो यावेळी दिसण्यात नव्हता, साठवणुकीत होता. मायएसक्यूएल विदागाराची मूळ मांडणी २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत ‘लॅटिन-१’ ही पाश्चात्त्य संकेतप्रणाली गृहीत धरीत असे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. विदागार लॅटिन-१ चे आणि मजकूर यूटीएफ-८ चा, असे असले तरी दैनंदिन व्यवहारात मराठी बरोबर दिसत राही. होस्टिंग बदलण्यासाठी विदागाराची प्रत दुसरीकडे नेली की मात्र सर्व मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा तुटकी युरोपीय अक्षरे येत. तुटकी अक्षरे जाणकाराला परत जुळविता येतात. प्रश्नचिन्हे झालेला मजकूर मात्र त्या प्रतीतून परत मिळत नाही. वर्डप्रेसने २००७ च्या २.२ आवृत्तीपासून नव्या विदागारासाठी यूटीएफ-८ हे मूलभूत केले. म्हणजे एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ २००६ मध्ये बांधले गेले की २००८ मध्ये, यावर तिच्या मराठी मजकुराचे भवितव्य ठरू शकले. इंग्रजी मजकूर असलेल्या ग्राहकाला या धोक्याचा कधी पत्ताही लागला नाही.

मुक्त स्रोत म्हणजे निर्धोक, असा समज मात्र करून घेता येत नाही. जूमलाच्या १.५ या लोकप्रिय मालिकेतून पुढच्या मालिकेत जाताना साधे अद्ययावतीकरण पुरत नसे, संपूर्ण स्थलांतर करावे लागे. ते करण्यासाठी वेगळा निधी नसल्याने अनेक ठिकाणी जुनीच आवृत्ती चालू ठेवली गेली आणि अशी संकेतस्थळे घुसखोरीला बळी पडली. ड्रुपलच्या बाबतीत २०१५ च्या आठव्या आवृत्तीने अंतर्गत रचनाच बदलली. सातव्या आवृत्तीचा पाठिंबा अनेकदा मुदत वाढवून अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. प्रणाली विनामूल्य असली तरी तिची देखभाल विनामूल्य नसते, आणि देखभालीचा खर्च अंदाजपत्रकात दरवर्षी धरावा लागतो.

वर्डप्रेसमध्येही एक सूक्ष्म प्रकारचे बंधन शिरले. २०११ नंतर दृश्य रचनाकार म्हणून ओळखली जाणारी पूरके आली. त्यांतील व्हिज्युअल कंपोझर व डिव्ही यांसारखी साधने मजकुरात आपल्या खास सांकेतिक खुणा पेरीत. पूरक काढून टाकले की त्या खुणा चौकटी कंसांत जशाच्या तशा पृष्ठावर उघड्या पडत. डिझायनरचे काम या पूरकांमुळे दिवसांवरून तासांवर आले हे खरे, परंतु मुक्त प्रणालीच्या आत एक खासगी कुलूप बसले. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यातील वाद विकोपास जाऊन त्या कंपनीचा पूरकांच्या मध्यवर्ती भांडाराशी असलेला संपर्क तोडण्यात आला. डिसेंबरमध्ये अमेरिकेतील न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तो पूर्ववत करविला. आज्ञावली खुली असली तरी तिचे भांडार कोणाच्या हाती आहे, हाही प्रश्न उरतोच.

तयार साच्यांच्या सेवा

तिसरा प्रवाह संपूर्णपणे भाड्याच्या सेवांचा. इस्रायलमध्ये २००६ मध्ये स्थापन झालेली विक्स, त्याच वर्षी अमेरिकेत निघालेली वीब्ली, त्याआधीची स्क्वेअरस्पेस आणि २००८ पासूनची गुगल साइट्स ही त्यांतील ठळक नावे. ग्राहकाने मासिक किंवा वार्षिक शुल्क द्यावे, साचा निवडावा, माउसने चौकटी ओढाव्यात आणि संकेतस्थळ तयार व्हावे, अशी ही व्यवस्था आहे. होस्टिंग, सुरक्षा, अद्ययावतीकरण यांची चिंता सेवादाता वाहतो. संगणक जाणणारा कर्मचारी नसलेल्या लहान संस्थेला ही सोय क्षुल्लक नाही, हे मान्य केले पाहिजे. घुसखोरीने बंद पडलेल्या जुन्या जूमलापेक्षा नीट चालणारे विक्स केव्हाही बरे.

परंतु विक्सवर बांधलेले संकेतस्थळ उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. सेवा सोडावयाची तर मजकूर हाताने उतरवून घ्यावा लागतो. विक्सचा आरंभ फ्लॅशवर आधारित साधन म्हणून झाला होता. २०१२ मध्ये तिने एचटीएमएल-५ वर आधारित नवा संपादक आणला. जुनी गुगल साइट्स २०२१ च्या सुमारास निवृत्त करण्यात आली आणि वापरकर्त्यांना नव्या रचनेत जावे लागले. अशा बदलांचा काळ आणि वेग सेवादाता ठरवितो, ग्राहक ठरवीत नाही.

शासनाने याच प्रकारची, पण सार्वजनिक मालकीची व्यवस्था उभारली ती उल्लेखनीय आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एस-थ्री-वास या चौकटीवर देशभरातील जिल्ह्यांची संकेतस्थळे बांधली गेली, त्यांत अमरावती व अकोला जिल्ह्यांचीही आहेत. एकसारखे साचे, दुभाषिक रचना आणि दिव्यांगांसाठी सुलभता ही तिची वैशिष्ट्ये. या संकेतस्थळांत सौंदर्याचा आग्रह फारसा दिसत नाही, अशी तक्रार डिझायनर करतात आणि ती अगदीच चुकीची नाही. तथापि जिल्हाधिकारी बदलला म्हणून संकेतस्थळाची प्रणाली बदलत नाही, हा लाभ मोठा आहे. अनुदानित महाविद्यालयांसाठी अशी सामायिक व्यवस्था विद्यापीठ पातळीवर का होऊ नये, याचा विचार व्हावयास हवा.

स्थलांतराची कसोटी

साधन सोडण्याच्या दिवशी त्याची खरी परीक्षा होते, हे वऱ्हाडला रेल्वेच्या इतिहासावरून परके वाटू नये. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. तो अमरावतीतून न जाता बडनेऱ्यातून गेला आणि अमरावतीसाठी बडनेऱ्याहून शाखा काढावी लागली. शाखा त्याच रुंदीची असल्याने डबे तसेच पुढे जाऊ शकत. मुर्तिजापूरला तसे नव्हते. यवतमाळ–मुर्तिजापूर–अचलपूर हा शकुंतला नावाने परिचित असलेला मार्ग किलिक निक्सन या कंपनीने कापसाच्या वाहतुकीसाठी विसाव्या शतकाच्या प्रारंभी उभारला. त्याची रुंदी ७६२ मिलिमीटर होती. मुंबईला जाणारी प्रत्येक गाठ मुर्तिजापुरास एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी हा मार्ग खासगी मालकीचाच राहिला. गाड्या भारतीय रेल्वेच्या, मार्ग कंपनीचा आणि दर काही वर्षांनी नूतनीकरण करावयाचा करार, अशी ही विलक्षण व्यवस्था अनेक दशके चालली. मार्ग दुसऱ्याच्या मालकीचा असल्याने तो रुंद करण्याचा प्रश्नही रेंगाळत गेला, आणि अलीकडच्या वर्षांत दोन्ही शाखांवरील वाहतूक थांबली.

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर अशी गाठ उतरविण्याची वेळ केव्हा येते, हे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या कामातून गेलेल्या प्राध्यापकांना सांगावयास नको. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेने २०१७ च्या सुधारित चौकटीपासून मूल्यांकन मोठ्या प्रमाणात ऑनलाइन केले. स्वयं-अध्ययन अहवालात पुराव्यादाखल संकेतस्थळावरील दस्तऐवजांचे दुवे द्यावे लागले. पडताळणी करणारा तो दुवा उघडतो, आणि दस्तऐवज तेथे नसेल तर काम झालेले असूनही पुरावा उरत नाही. दस्तऐवजाचा पत्ता साधनावर अवलंबून असतो. वर्डप्रेस वर्ष व महिन्याप्रमाणे कप्पे करते, तर भाड्याच्या सेवेत धारिकांचे पत्ते सेवादात्याच्या रचनेनुसार बनतात. मूल्यांकनाच्या दोन फेऱ्यांच्या दरम्यान कोणी उत्साहाने संकेतस्थळाचे साधन बदलले, तर पूर्वीच्या अहवालांतील सर्व दुवे एका रात्रीत तुटतात. नव्या मुखपृष्ठाचे अभिनंदन होते आणि पाच वर्षांच्या इतिवृत्तांचा पत्ता हरवतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ ने स्वयंप्रेरणेने माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य घातले आहे, त्याच्याही पूर्ततेला यामुळे बाधा येते.

नावनोंदणी आणि करार

साधनाच्या निवडीआधी संकेतनामाची मालकी पाहावी लागते. शैक्षणिक संस्थांसाठीची ‘एसी डॉट इन’ ही संकेतनामे अर्नेट इंडियामार्फत केवळ पात्र संस्थांना मिळतात, त्यासाठी संस्थेची कागदपत्रे द्यावी लागतात आणि नोंद संस्थेच्या नावे होते. ‘डॉट कॉम’ किंवा २००५ मध्ये सर्वांना खुले झालेले ‘डॉट इन’ यांवर असे बंधन नाही. ती डिझायनर स्वतःच्या ई-मेलवरून, स्वतःच्या खात्यात सहज नोंदवितो. पुढे तो पुण्याला नोकरीस गेला, दूरध्वनी बदलला, किंवा देयकावरून मतभेद झाला, की संस्थेला स्वतःच्या नावासाठी त्याचीच मनधरणी करावी लागते. यात डिझायनरचा दुष्ट हेतू असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो सोयीचा आणि घाईचा परिणाम असतो.

म्हणून तुलनात्मक तक्त्यात काही रकाने वाढविणे इष्ट ठरेल. संकेतनाम व होस्टिंग कोणाच्या नावे राहील? दर सहा महिन्यांनी विदागाराची व धारिकांची संपूर्ण प्रत संस्थेला मिळेल काय, आणि ती दुसऱ्या सर्व्हरवर एकदा प्रत्यक्ष चालवून दाखविली जाईल काय? मराठी मजकूर युनिकोडमध्येच असेल काय? साधन बदलल्यास जुने दुवे नव्या पत्त्यांकडे वळविले जातील काय? यांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर तोंडी देता येत नाही. हे प्रश्न विचारल्यास दरपत्रक थोडे वाढते. चांगला डिझायनर त्यांचे स्वागत करतो, कारण कमी दराच्या स्पर्धेत त्याच्या कामाचा हाच भाग आजवर कोणी मोजलेला नसतो.

कोणते साधन निवडावे, याचे एकच उत्तर सर्व ग्राहकांना लागू होणार नाही. गावातील एखाद्या जिनिंग कारखान्याला किंवा मंगल कार्यालयाला पत्ता, दूरध्वनी, दर आणि काही छायाचित्रे एवढेच हवे असेल, आणि तो मजकूर तीन वर्षांनी नष्ट झाला तरी कोणाचे नुकसान होणार नसेल, तर भाड्याची सेवा पुरेशी आणि किफायतशीर आहे. ज्या संस्थेला आपली इतिवृत्ते, वार्षिकांक, संशोधन पत्रिका, निकाल व परिपत्रके वर्षानुवर्षे लोकांसमोर ठेवावयाची आहेत तिने खुल्या प्रणालीवर, शक्यतो तिच्या मूळ साध्या संपादकात आणि किमान पूरकांसह काम करून घेणे योग्य होय. वर्डप्रेसचा स्वतःचा खंड-संपादक डिसेंबर २०१८ पासून उपलब्ध असल्याने वेगळ्या दृश्य रचनाकाराची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही.

जुन्या मजकुराचे काम त्याहून निकडीचे आहे. अनेक महाविद्यालयांचे १९९५ ते २००८ या काळातील वार्षिकांक पेजमेकरच्या धारिकांत, जुन्या टंकांत, सीडीवर पडून आहेत; काही तर डीटीपी केंद्राच्या संगणकातच राहिले आणि ते केंद्र बंद झाले. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची आहे. धारिका उघडली तर जुन्या टंकातून युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत, परंतु जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी यांच्या चुका राहतात आणि प्रत्येक पान मराठी जाणणाऱ्याने वाचून दुरुस्त करावे लागते. धारिका उघडलीच नाही, तर ग्रंथालयातील छापील अंकावरून ते काम सुरू करावे लागेल, आणि त्यासाठी अंकाची एक तरी प्रत जागेवर आहे ना, हे ग्रंथपालांनी आधी पाहून घ्यावे.